पाण्याखालची खानेसुमारी

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर पुरते उजाडले नव्हते. रात्री गेलेल्या होड्या परतत होत्या, टोपल्या उतरत होत्या, बांगड्याच्या भावावरून घासाघीस सुरू झाली होती. त्या गर्दीतून पाच जण निराळेच सामान घेऊन एका होडीकडे निघाले होते. शंभर मीटरची मोजपट्टी, प्लास्टिकच्या पांढऱ्या पाट्या, त्यांना रबराने अडकवलेल्या शिसपेन्सिली आणि सुतळीला बांधलेला एक लोखंडी नट. मासळी निवडत बसलेल्या आजीने मान वर करून विचारले, "खंय चल्लास रे? जमीन मोजूक?" पाचांतला सर्वांत धाकटा पोरगा म्हणाला, "होय गे आजये. पाण्यातली."

संपादकांनी यंदाचा विषय 'राखण' असा कळवला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा सिंधुदुर्गच आला. इथे गावोगाव राखणदार आहे. वेशीवर, वडाखाली, घाटीच्या वळणावर त्याचे ठिकाण असते. त्याला नारळ देतात, गाऱ्हाणे घालतात, आणि त्याच्या हद्दीतले झाड तोडायला आजही कुणाचा हात सहसा धजत नाही. जमिनीवरची ही व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाला लागून पाण्याखाली जी जिवंत खडपे, म्हणजे प्रवाळ वाढलेले खडक, पसरली आहेत, त्यांचा राखणदार कोण? हे बघायला मी गेल्या जानेवारीत आठवडाभर मालवणात राहिले. त्या पाच जणांच्या होडीत मलाही जागा मिळाली.

अंगठीतले पोवळे आणि खडपावरचे

प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतले लाल पोवळे आठवते. नवरत्नांतले ते पोवळे भूमध्य समुद्रासारख्या दूरच्या पाण्यातून येते आणि त्याची जात वेगळी. मालवणच्या खडपांवरची प्रवाळे दिसायला साधी: तपकिरी, मोहरीच्या रंगाची, राखाडी, कुठे हिरवट. 'फॅव्हायटिस' मधाच्या पोळ्यासारखे घरे पाडून बसलेले असते, 'पोरायटिस' गुळाच्या ढेपेसारखे गोलसर, आणि 'टर्बिनारिया' अळूची पाने एकात एक खोचावीत तसे पसरलेले. लक्षद्वीपला प्रवाळांनी अख्खी बेटे उभारली. मालवणात तसे नाही. इथे मूळ खडक जांभ्याचा किंवा काळ्या दगडाचा, आणि त्यावर ठिकठिकाणी प्रवाळांच्या वसाहती. म्हणून पुष्कळ वर्षे इथे प्रवाळ आहे याकडेच कुणाचे फारसे लक्ष नव्हते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे कासीम आणि वाफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात मालवण होते.

प्रत्येक वसाहत म्हणजे हजारो बारीक जीवांची चाळ. एकेका जीवाचे नाव पॉलिप. तो पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती दगडी वाटी बांधतो आणि तिच्यात राहतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या भाडेकरूचाच. पोरायटिसची ढेप वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे कंबरेएवढ्या ढेपेकडे बघताना आपण आपल्या आजोबांच्या वयाच्या जिवाकडे बघत असतो.

मालवणची प्रवाळे आणखी एका कारणाने मला थोर वाटतात. पावसाळ्यात गड आणि कर्ली या नद्या डोंगरातली लाल माती घेऊन उतरतात. चार महिने खडपांवर उजेड धड पोहोचत नाही, गाळ बसत राहतो, पाण्याचा खारटपणा कमी होतो. पाठ्यपुस्तकात प्रवाळाला स्वच्छ, नितळ पाणी लागते असे लिहिलेले असते. ही जमात गढूळ पाण्यातही टिकून राहिली आहे.

दोरी, पाटी, पेन्सिल

होडीतल्या पाच जणांत दोघे इथलेच. हंगामात पर्यटकांना पाण्याखाली नेणारे गाइड, दोघेही रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्यांच्या, घरातले. तिसरी रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकणारी मुलगी, चौथा मुंबईत संगणकाची नोकरी करणारा तरुण, आणि पाचव्या पुण्याच्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, ज्यांनी पन्नाशी उलटल्यावर डायव्हिंग शिकले. सगळे त्यांना मावशी म्हणत होते. पैसे कुणालाच मिळत नव्हते. ही खडपे सागरी अभयारण्यात येतात आणि तिथे सर्वेक्षणासाठी वनखात्याची परवानगी लागते, तो कागद मावशींच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला होता.

मोजणीची पद्धत 'रीफ चेक'ची. सागरी शास्त्रज्ञ ग्रेगर हॉजसन यांनी ती १९९६ मध्ये सुरू केली. जगातल्या सगळ्या खडपांवर जायला पुरेसे शास्त्रज्ञ कधीच नसणार, पण हौशी डायव्हर लाखांनी आहेत. त्यांना थोडे शिकवून एकाच रीतीने मोजायला लावले तर? पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, तीसहून अधिक देशांत तीनशेहून अधिक खडपांची अशी पहिली मोजणी झाली. आता अशा पद्धती अनेक आहेत. ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठातून निघालेले 'रीफ लाइफ सर्व्हे' २००७ पासून पन्नास मीटरच्या पट्ट्यावर याहून बारीक काम करते. पण नवशिक्यांना रीफ चेक सोपी पडते, कारण तिच्यात जातीचे शास्त्रीय नाव ओळखावे लागत नाही.

मी मुखवटा लावून वर तरंगत होते. खोली सहा मीटरच्या आसपास, आणि जानेवारीत पाणी निवळलेले असल्यामुळे खालचे बरेच दिसत होते. आधी दोघांनी मोजपट्टी खडपावर अंथरली. शंभर मीटर, ताणून, पण प्रवाळाला न घासता. आणि मग सगळे बाजूला होऊन नुसते थांबले. पंधरा मिनिटे काहीच नाही. मला वाटले काहीतरी अडले असावे. वर आल्यावर कळले की थांबणे हाच कामाचा भाग आहे. माणूस खाली उतरला की मासे कपारीत शिरतात, आणि ते परत बाहेर येईपर्यंत मोजण्यात अर्थ नसतो.

मासे मोजणारी जोडी सर्वांत आधी निघते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, वर पाच मीटर, एवढ्याच बोगद्यातले मासे धरायचे. दर पाच मीटरला थांबायचे, दबा धरून बसलेले बाहेर येऊ द्यायचे, मग पुढे. तांबोशी, फुलपाखरू मासा, पोपट मासा, गोबरा. गोबरा तीस सेंटिमीटरहून मोठा असेल तरच पाटीवर, पोपट मासा वीसहून मोठा असेल तरच. एवढे मोठे मासे मासेमारीत सर्वांत आधी संपतात. ते दिसले तर खडप अजून बऱ्या स्थितीत आहे, इतके सरळ ते गणित आहे. पट्ट्याच्या बाहेर, हातभर अंतरावर एक चांगला दांडगा गोबरा कपारीतून बघत होता. गाइड पोराने तो पाहिला, मावशींनीही पाहिला. पाटीवर कुणीच लिहिला नाही. वर आल्यावर पोरगा हळहळला, "केवढो होतो ताई, तुमी बघलास मा?" बघितला होता. पण बोगद्याबाहेरचा एक गोबरा आज घेतला, तर पुढच्या वर्षी दुसरा कुणी बाहेरचे दोन घेईल आणि दोन वर्षांची तुलनाच मोडेल.

मग दुसरी जोडी त्याच पट्ट्यात शेवंड, समुद्रकाकड्या, काटेरी अर्चिन, शंख शोधत जाते. कपारीत विजेरी मारून बघावे लागते. शेवटी येतो तो नट. मोजपट्टीच्या दर अर्ध्या मीटरला सुतळीवरचा नट खाली सोडायचा आणि तो जिथे टेकेल तिथे काय आहे ते लिहायचे: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतेच मेलेले प्रवाळ, शैवाल, स्पंज, खडक, तुकडे, वाळू, गाळ. बोटाने जागा दाखवली तर माणूस नकळत सुंदर प्रवाळाकडे बोट नेतो. नट तसे करत नाही. वीस मीटरच्या एका टप्प्यात चाळीस बिंदू, असे चार टप्पे, मधे पाच-पाच मीटर मोकळे. एकूण १६० बिंदू. त्यांतले किती बिंदू जिवंत कठीण प्रवाळावर पडले, ते त्या खडपाचे प्रवाळ-आच्छादन.

वाळू आणि गाळ यांतला भेद करायची युक्ती मला फार आवडली. हाताने हलकेच वारा घालायचा. उडालेले कण लगेच खाली बसले तर वाळू, धुरासारखे तरंगत राहिले तर गाळ. मालवणात गाळाने लिहिण्यात घोळ होतो, आणि त्या दिवशी तो झालाच. एका बिंदूवर मुंबईच्या तरुणाने 'खडक' लिहिले, गाइडने 'कठीण प्रवाळ'. दोघे तिथे परत गेले. गाइडने तळव्याने पाणी ढवळले, वरचा गाळ बाजूला झाला आणि खाली फॅव्हायटिसची बारीक घरे दिसली, जिवंत. तरुणाने पेन्सिलीने आधीची नोंद खोडली. रोज याच पाण्यात उतरणाऱ्या डोळ्याला गाळाखालचा जीव ओळखता येतो. बाहेरून येणारे स्वयंसेवक शिस्त आणतात, पण खडपाची ओळख इथल्याच माणसाला असते.

पाटीवर सर्वांत अवघड अक्षर कुठले, असे मी मत्स्यशास्त्राच्या मुलीला विचारले. ती म्हणाली, "शून्य." यादीत जे नाव आहे आणि जे दिसले नाही, त्यापुढे रिकामे सोडून चालत नाही, शून्य घालावे लागते. रिकाम्या जागेचा अर्थ 'बघितले नाही' असाही होऊ शकतो. एवढा वेळ थंड पाण्यात काढून दहापैकी पाच नावांपुढे शून्य लिहायला जिवावर येते. पण पुढे कधी तिथे एक आला, तर तो 'आला' हे कळायला हे शून्यच उपयोगी पडणार.

आजोबांचा समुद्र

किनाऱ्यावर परतलो तेव्हा जाळे विणत बसलेल्या एका जुन्या रापणकराशी गप्पा झाल्या. ते म्हणाले, त्यांच्या तरुणपणी गळाला लागणारा गोबरा दोन्ही हातांनी ओढावा लागायचा. शेजारी बसलेल्या नातवाला, म्हणजे त्या गाइड पोराला, हे पटत नव्हते. त्याच्या मते आजही मासा भरपूर आहे. दोघेही खरेच बोलत होते. कॅनडातले मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवले: प्रत्येक पिढी आपण लहानपणी पाहिलेला समुद्र हाच मूळ समुद्र धरते आणि घट तिथून मोजू लागते. आजोबांचा समुद्र कागदावर उतरलाच नाही, म्हणून नातवाला तो गोष्टीतला वाटतो.

आजोबांनी मला विचारले, "ह्या खडपाचो वीस वर्सांपूर्वीचो कागद हा काय?" ते ज्या खडपाकडे बोट दाखवत होते त्याचा कागद त्या पाच जणांकडेही नव्हता.

१९८७ चा राग

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा, म्हणजे पूर्ण संरक्षणाचा भाग, ३.१८ चौरस किलोमीटरचा, आठशे एकरांच्या आतबाहेर, म्हणजे एखाद्या खेड्याच्या शिवाराएवढा. त्यात किल्ल्याभोवतालचा भाग, पद्मगड आणि पाण्यातली खडपे येतात. कागद छान होता. मच्छीमारांना विश्वासात घेतलेले नव्हते. आपल्या दारातला समुद्र सरकारने एका सहीने घेतला, ही भावना इथे घर करून बसली आणि पुढची कित्येक वर्षे अभयारण्य हा शब्दच किनाऱ्यावर शिवीसारखा झाला. हद्दीत मासेमारी चालूच राहिली. ती बळाने बंद करायला कुणी गेले नाही हे एका परीने बरेच झाले.

आजोबांचा राग अजून ताजा आहे. "पयले आमका वाटला, हे लोक आमचो दर्या बंद करूक इले. आमका थांबवतास, पण पर्ससीनवाल्यांका कोण थांबवतलो?" हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. माशांचे थवेच्या थवे घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले, पुढे एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरही बंदी आली. पण रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते तेव्हा रापणीवर जगणाऱ्याला संवर्धनाचे भाषण कसे ऐकू येत असेल? ज्याचे जाळे खडपापाशी फाटते म्हणून जो पिढ्यान्‌पिढ्या खडपापासून दूर राहिला, त्यालाच पहिल्यांदा गुन्हेगार ठरवण्यात आपण मोठी चूक केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

वारे थोडे फिरले ते रोजगारातून. २०१० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात किनारी जैवविविधतेचा प्रकल्प राबवला गेला. कालवे, शिंपले आणि खेकडे यांचे पालन, चौकोनी आसाची जाळी, तरुणांना स्कूबाचे शिक्षण अशी कामे त्यातून झाली. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांचा त्यात पुढाकार होता. मच्छीमारांच्या घरातली मुले परवाना घेऊन पाण्याखाली उतरली. बापजाद्यांनी वरून पाहिलेली, जाळे फाडणारी खडपे त्यांनी पहिल्यांदा समोरासमोर पाहिली.

या तालुक्यात आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी एकदा, ग्रामदेवतेचा कौल झाला की सगळा गाव, गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसकट, तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. गाव रिकामा. मोठ्या गाइडने मला सांगितले की गाभा म्हणजे काय हे घरी समजावताना तो गावपळणीचाच दाखला देतो. "गावाक तीन दिस विसावो मिळता, तसो खडपाक नको?" वनखात्याच्या कोणत्याही पत्रकात मला इतकी समर्पक ओळ दिसली नाही.

आपोची चौदा घरे

लोकांनी स्वतःहून खडपाला असा विसावा देणे कुठे साधले आहे का, याचे उत्तर फिलिपिन्समध्ये मिळते. नेग्रोस बेटाच्या दक्षिण टोकाशी आपो नावाचे लहानसे बेट आहे. सिलिमान विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांनी १९७४ मध्ये सुमिलोन बेटाजवळ मासेमारी-बंद पट्टा सुरू करून पाहिला होता. आपोच्या मच्छीमारांना त्यांनी तो पट्टा नेऊन दाखवला, आणि मग कायदा मागायला न जाता बोलत राहिले. तीन वर्षे बोलणे चालले. १९८२ मध्ये चौदा कुटुंबे तयार झाली. त्यांनी बेटाच्या किनाऱ्यालगतचा सुमारे साडेचारशे मीटरचा तुकडा स्वतःहून सोडला आणि पाळीपाळीने पहारा ठेवला. मासे आत वाढले आणि हद्दीबाहेर सांडू लागले, तशी उरलेली घरेही आली. पुढे डायव्हर येऊ लागले, त्यांच्या शुल्कातून बेटाला उत्पन्न मिळू लागले.

अल्कालांना १९९२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ज्या पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांत, १९५८ मध्ये, आपले विनोबा होते. गावोगाव जाऊन जमीन मागणारा एक, दुसरा बेटावरच्या घरोघर जाऊन समुद्राचा तुकडा मागणारा. हे नाते मला मनापासून खरे वाटते.

आपोची गोष्ट तिथे सुखाने थांबली नाही. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ च्या वादळांनी राखलेल्या पट्ट्यातले प्रवाळ मोडून टाकले. तीस वर्षांची राखण दोन रात्रींत गेली. गावाने तरी पट्टा मोडला नाही. काय गेले आणि काय परत येते आहे हे सांगता आले, कारण मोजण्या झालेल्या होत्या.

पावाचे तुकडे

दुसऱ्या दिवशी मी पर्यटकांच्या होडीतून गेले. कुणाचे नाव घेणार नाही, कारण जे पाहिले ते एकाचे नाही. वीस मिनिटांत पाण्याखालचा व्हिडिओ हवा, त्यात रंगीत मासे हवेत, म्हणून पावाचे तुकडे पाण्यात सोडले जातात. पट्ट्यापट्ट्यांचे मासे झुंबड करतात, पर्यटक हरखतो. पोहता न येणारा माणूस घाबरून पाय खाली टाकतो, आणि खाली पाय ठेवायला जे मिळते ते बहुधा प्रवाळ असते. प्रवाळाच्या वाटीवर जेमतेम नखाएवढ्या जाडीचे मांस असते. टाच तिथे घासली की जखम, जखमेवर गाळ, गाळावर शैवाल.

नांगराचे नुकसान याहून मोठे. होडी वाऱ्यावर फिरते तशी दोरी खडपावरून घासत जाते. १९८१ मध्ये फ्लोरिडात जॉन हॅलस या जीवशास्त्रज्ञाने समुद्रतळात कायमचा खिळा रोवून त्याला तरंगता बोया बांधायची रीत काढली. होडीने नांगर टाकायचा नाही, बोयाला दोर बांधायचा. जगभर ती रीत गेली. मालवणात ज्या ज्या खडपावर रोज होड्या जातात तिथे असे बोये हवेत, आणि त्यांची देखभाल होडीवाल्यांच्याच सहकारी संस्थेकडे हवी.

हे लिहिताना गाइडांची बाजूही सांगायला हवी. एका माणसाला खाली नेताना त्याची हवा, त्याचे कान, त्याची भीती आणि कॅमेरा हे सगळे एकाच वेळी सांभाळावे लागते. पुढची होडी वाट बघत असते. पाव सोडला नाही तर "मासे दिसलेच नाहीत" म्हणून गिऱ्हाईक भांडते. धाकट्या पोराने दोन हंगामांपूर्वी पाव बंद केला. त्याने मोजणीत भाग घेतल्यावर कुठला मासा काय खातो हे त्याला कळले. पोपट मासा खडपावरचे शैवाल खरवडून खातो, म्हणून नव्या प्रवाळाला बसायला जागा होते. तो आता गिऱ्हाइकाला होडीतच सांगतो, "हंय मासे जेवण करून बसलेले आसत, तुमी नुसते बघा." काही जण नाराज होतात, पण तो सांगायचे सोडत नाही.

पांढरे पडणे

या सगळ्याच्या वर एक संकट आहे, ज्यावर मालवणच्या कुणाचाच ताबा नाही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर पॉलिप आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतो. रंग जातो, आतला चुना दिसू लागतो. याला प्रवाळ विरंजन म्हणतात. पांढरे पडलेले प्रवाळ अजून मेलेले नसते, उपाशी असते. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. जागतिक पातळीवर असे मोठे विरंजन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ मध्ये झाले, आणि चौथे चालू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. या चौथ्या खेपेत जगातल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला उष्णतेचा ताण बसला. मालवणच्या खडपांवरचे विरंजनही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गेल्या दशकात नोंदवले आहे. लक्षद्वीपात नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक १९९८ पासून त्याच त्याच खडपांवर उतरत आले, म्हणून २०२२ पर्यंत तिथले जिवंत प्रवाळ सुमारे निम्म्यावर आले हे ठामपणे सांगता आले.

मावशींच्या पिशवीत एक रंगपट्टी होती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००२ मध्ये सुरू केलेल्या 'कोरल वॉच' उपक्रमातली. फिकट ते गडद अशा सहा छटा, एक ते सहा आकडे. प्रवाळाशेजारी धरायची, जुळणारा आकडा लिहायचा. शाळकरी मूलही हे करू शकते. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, दर आठवड्याला एकाच ढेपेशी ही पट्टी धरली तर ती कधी फिकी पडू लागली हे दिवसानिशी कळेल. त्या दिवसांत मोठ्या संस्थांचे संशोधक तिथे असतीलच असे नाही. गाइड असतात.

डायव्हिंग न येणाऱ्यांनाही वाव आहे. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे स्वयंसेवक २०१७ पासून ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या, गिरगावच्या खडकांवर लोकांना नेऊन तिथले जीव दाखवतात, नोंदवतात. मुंबईच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे हे हजारो मुंबईकरांना तिथेच पहिल्यांदा कळले. पुढे सागरी किनारा रस्त्याच्या कामात २०२० मध्ये प्रवाळ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा शहरात त्यावर बोलणारी माणसे होती.

कागद कुणाकडे

शेवटच्या रात्री गाइडच्या घरी पाट्या वाचून दाखवण्याचे काम चालले. एकाने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने तो संगणकात भरायचा, तिसऱ्याने तपासायचा. मग आकडे धुऊन टाकण्याआधी पाट्यांचे फोटो काढायचे. आत सोलकढी होत होती. गाइडची आई दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, "मगे आमच्या खडपात किती गावला?" मुंबईच्या तरुणाने तिला पडद्यावरचा इंग्रजी आलेख दाखवला. ती क्षणभर बघत राहिली आणि आत गेली. मत्स्यशास्त्राची मुलगी उठून तिच्या मागोमाग गेली. पीठ मळायच्या परातीत तिने मूठभर शेंगदाणे मांडले, त्यांतले प्रवाळाच्या वाट्याचे वेगळे केले आणि मालवणीत समजावून सांगितले. आई म्हणाली, "ह्या पुढच्या वर्सा परत दाखव." माझ्या आठवड्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण मला तो वाटतो.

स्वयंसेवकांच्या मोजणीवर शास्त्रज्ञांचा एक आक्षेप असतो, की नवशिक्यांच्या नोंदी कितपत धराव्यात. त्याला उत्तर आहे: ढोबळ गट, दुहेरी नोंद, त्याच जागा, दर वर्षी. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो मालवणच्या बाजूने आहे. आकडे पुण्यामुंबईला जातात, तिथून परदेशी कोषात जातात, आणि ज्या गावाच्या दारातली ही खडपे आहेत त्या गावाच्या हाती काहीच उरत नाही. जेट्टीवर, जिथे होड्यांची तिकिटे फाडतात, तिथे एक मोठा फळा असावा. त्यावर खडपाचे नाव, वर्ष, १६० बिंदूंपैकी जिवंत किती, मोठे गोबरे किती, शेवंडी किती, हे मराठीत आणि मालवणीत लिहिलेले असावे. आजोबांना हवा असलेला कागद तो हाच. वीस वर्षांनी त्यांच्या नातवाच्या मुलाला तो मागावा लागू नये.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा मालवणचा हंगाम सुरू झालेला असेल आणि दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी कितीतरी जण किल्ल्यामागच्या पाण्यात उतरणार असतील. जरूर उतरा. होडीत बसण्याआधी दोनच गोष्टी विचारा: नांगर वाळूत टाकणार की खडपावर, आणि पाण्यात पाव सोडणार का? उत्तर पटले नाही तर त्या होडीत बसू नका. आणि तुमच्याकडे डायव्हिंगचा परवाना असेल, तर जानेवारीत चार दिवसांची रजा काढून या. पट्टीचे दुसरे टोक धरायला माणूस कमी पडतो आहे.